माणसाच्या गोळ्या आणि दारचे कुत्रे

बी.ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने औषधांवर लेख लिहावा, हे वाचून काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी उमटेल, आणि विज्ञान शाखेचे मित्र तर हसतीलच. माझे विषय मराठी वाङ्मय, इतिहास आणि अर्थशास्त्र. पण ज्या घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात आला आहे, त्या घरात त्याचे विषय कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावरची नोंद, बँकेची नोटीस, विजेचे बिल, दवाखान्याची चिठ्ठी, जे जे छापील असेल ते त्याच्यापुढे येते आणि त्याला कळलेच पाहिजे असे गृहीत धरले जाते. गेल्या दिवाळीनंतर माझ्यापुढे असाच एक प्रश्न आला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि जाणत्यांना विचारून घेतले, ते येथे मांडत आहे. आपल्यापैकी बहुतेकांची घरे खेड्यावर आहेत, दारात कुत्रे आहे आणि खुंटीला औषधांची पिशवी आहे, म्हणून हा विषय या अंकात अगदीच परका वाटणार नाही.

खुंटीवरची ही पिशवी तशी नवीनच म्हणायची. आजोबांच्या काळी घरात औषध म्हणजे सुंठ, ओवा, हळद आणि फार तर अमृतांजनाची बाटली. आज आमच्या वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात डोकावून पाहा. म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी, म्हातारीची साखरेची, कमरेच्या दुखण्यावरची, तापाची, पोरीला शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, गरोदर सुनेची लाल गोळी, आणि कोणाला क्षयरोग झाला असेल तर सरकारी दवाखान्यातून महिन्याभराच्या गोळ्या. हे सारे कपाटात कुलूप लावून ठेवावे अशी आपली घरे नाहीत. पिशवी खुंटीला, खाटेच्या पायाशी, चुलीमागच्या कोनाड्यात किंवा शेतातल्या खोपडीत असते. बहुधा त्याच पिशवीत भाकरीचे फडकेही असते. माणसाला भाकर आणि गोळी वेगळी दिसते. कुत्रे नाकाने पाहते, आणि नाकाला त्या पिशवीत भाकरच दिसते.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. अमरावती एका अंगाला, अकोला दुसऱ्या अंगाला. माझे मोठे बाबा क्षयाचे औषध घेत होते. तूर आणि कपाशी राखायला ते रात्री शेतात जागलीला जात आणि खंड्या त्यांच्यासोबत असे. रानडुकरांचा कळप बांधावर आला तर आधी खंड्याला कळते, मग माणसाला. वर्षभराची तूर एका रात्रीत जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला खंड्याची किंमत सांगावी लागत नाही. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या म्हणून मोठे बाबा त्या सोबत नेत.

त्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास वसतिगृहात दादाचा फोन आला. "अरे, खंड्या कसातरीच करून राह्यला. आंग झटकते, तोंडाले फेस आला, लाल फेस. लोक म्हनतात पिसायला. काठ्या घेऊन उभे हायेत. तू शिकून राह्यला नं, सांग काय करू?" मागून गलका ऐकू येत होता. तेवढ्यात वहिनीचा आवाज आला, "पिसायला नाही तो! ह्ये पाहा, बाबाच्या गोयाचं पाकीट फाडलं त्यानं."

त्या एका वाक्यावर खंड्या वाचला, असे मी आजही मानतो. फेस, थरथर, लटपटते पाय, शून्य नजर, हे सारे विषबाधेतही होते आणि पिसाळलेल्या कुत्र्यातही दिसते. गावाला दुसरे कारण ठाऊक असते, पहिले सुचत नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्याच आळीतले एक कुत्रे असे फेसाळले आणि मारले गेले. त्याने काय खाल्ले होते, हे कोणी पाहिलेच नाही. गावकऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पिसाळलेले कुत्रे चावले आणि लस घेतली नाही, तर रोग उलटल्यावर माणूस बहुधा वाचत नाही, म्हणून त्यांची भीती खोटी नव्हे. पण फरक ओळखण्याची एक खूण आहे. रेबीजमध्ये कुत्र्याचे वागणे दिवसेंदिवस बदलत जाते. ते कोपऱ्यात लपते, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, अन्न तुटते. काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेले कुत्रे आज सकाळी अचानक झटके देऊ लागले, तर आधी आसपास काय सांडले, काय फाटले ते शोधावे. आणि शोध लागेपर्यंत त्याच्या तोंडाशी हात नेऊ नये, कारण खूण म्हणजे खात्री नव्हे.

लाल फेसाचाही उलगडा नंतर झाला. ते रक्त नव्हते. क्षयाच्या गोळीत रिफाम्पिसिन नावाचे तांबडे औषध असते. ते घेणाऱ्या माणसाची लघवीसुद्धा केशरी होते, आणि आमच्या मोठ्या बाबांनी पहिल्या आठवड्यात त्याचा केवढा धसका घेतला होता! खंड्याची लाळ त्याच रंगाने रंगली होती.

वसतिगृहाजवळ एक पशुवैद्य राहतात. मी फोन कानाला लावूनच त्यांच्या दारात गेलो. त्यांनी धीर दिला नाही, उपदेशही केला नाही. चार प्रश्न विचारले. कोणती गोळी? किती? केव्हा? कुत्र्याचे वजन किती? दादाने पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या, मातीत पडलेल्या गोळ्या वजा केल्या. नऊ गोळ्या पोटात गेल्या होत्या. खंड्याचे वजन महिन्यापूर्वीच गंमत म्हणून धान्याच्या काट्यावर झाले होते, सोळा किलो. डॉक्टरांनी तेथल्या तेथे हिशोब केला. क्षयाच्या सरकारी संयुक्त गोळीत आयसोनियाझिड हे औषध ७५ मिलिग्रॅम असते. नऊ गोळ्यांचे झाले ६७५, म्हणजे किलोमागे बेचाळीसच्या आसपास. कुत्र्याला किलोमागे ५० मिलिग्रॅम आयसोनियाझिड प्राणघातक ठरू शकते, झटके त्याच्याही आधी सुरू होतात. "तालुक्याच्या दवाखान्यात न्या, मी तेथल्या डॉक्टरांना फोन करतो, आणि पाकीट विसरू नका," इतकेच ते म्हणाले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला सर्वांत विलक्षण वाटली. जी गोळी मोठ्या बाबांना वाचवत होती, ती खंड्याला मारत होती, आणि याचे कारण मात्रेत जितके आहे तितकेच यकृतात आहे. औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जाते. यकृत त्याचे रूप बदलते, मग ते लघवीवाटे बाहेर पडते. बाजार समितीच्या फाटकावर पावतीवर शिक्का बसल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाहीत, तसेच हे समजावे. आयसोनियाझिडला बाहेर काढणारा मुख्य शिक्का म्हणजे ॲसिटिलेशन नावाची क्रिया. माणसांतही काहींच्या यकृतात हा शिक्का भरभर बसतो, काहींच्या सावकाश. कुत्र्याच्या यकृतात हा शिक्का मारणारा कारकूनच नाही. ज्या जनुकांमुळे तो तयार होतो, ती जनुकेच कुत्र्यांत आढळत नाहीत. गाड्या आत येत राहतात आणि फाटकाशी कोंडी होते.

या कोंडीत आयसोनियाझिड शरीरातले ब-६ जीवनसत्त्व निकामी करते. मेंदूत एक द्रव्य असते जे चेतातंतूंना आवर घालते, बंडीच्या ब्रेकासारखे. ते तयार व्हायला ब-६ लागते. ब-६ संपले की ब्रेक सुटतो आणि झटक्यांवर झटके येतात. म्हणूनच यावरचा उतारा म्हणजे ब-६, ज्याला डॉक्टर पायरिडॉक्सिन म्हणतात. जितके मिलिग्रॅम आयसोनियाझिड पोटात गेले, साधारण तितकेच पायरिडॉक्सिन शिरेतून द्यावे लागते. झटके थांबवण्याचे नेहमीचे इंजेक्शन एकटे दिले तर पुरेसे लागू पडत नाही, त्याला ब-६ ची जोड हवी. गंमत अशी की क्षयाच्या पुष्कळ रुग्णांना हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून हेच ब-६ लहान मात्रेत गोळीतून दिलेले असते. उतारा त्याच पिशवीत, विषाच्या शेजारी! मात्र ती लहानशी गोळी झटके येणाऱ्या कुत्र्याच्या घशात कोंबून उपयोग नाही. ती गिळली जाणार नाही आणि गिळली तरी पुरणार नाही.

आता समजा, वहिनीने पाकीट पाहिलेच नसते, पण दादाने काठ्या अडवून कुत्रे दवाखान्यात नेले असते, तर काय झाले असते? वऱ्हाडात झटके देणारे, लाळ गाळणारे कुत्रे म्हटले की डॉक्टरांच्या मनात प्रथम फवारणीचे औषध येणार. ते साहजिकच आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेले नाही. त्या जातीच्या पुष्कळ कीटकनाशकांवर ॲट्रोपिन देतात. आयसोनियाझिडवर ॲट्रोपिनचा उपयोग नाही. म्हणजे फाटके पाकीट नसते तर उपचार झाले असते, पण दुसऱ्याच रोगावर. क्षयाच्या रुग्णाच्या घरातल्या इतरांना प्रतिबंध म्हणून नुसत्या आयसोनियाझिडच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या देण्याचीही पद्धत आहे. सोळा किलोच्या कुत्र्याला तशा तीन गोळ्या पुरेशा आहेत. ज्या घरात असे पाकीट आहे, त्या घराने ही संख्या लक्षात ठेवावी.

खंड्याला ते ब-६ मिळाले. तालुक्याच्या एका दुकानात नव्हते, दुसऱ्यात सापडले. दोन दिवस तो दवाखान्याच्या ओट्यावर पडून होता, तिसऱ्या दिवशी उठला. मोठ्या बाबांची काळजी वेगळीच होती. "माह्या गोया त्यानं खाल्ल्या, आता मी काय खाऊ?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. क्षयाच्या औषधात खंड पडू देत नाहीत. अशा वेळी आरोग्य केंद्रात जाऊन काय झाले ते सरळ सांगावे आणि राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात. कुत्र्याच्या धावपळीत रुग्णाचा दिवस चुकता कामा नये.

एका जनावराचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. थोडे विषयांतर होईल, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे आजोबा सांगत की मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की तासाभरात आकाशातून गिधाडे उतरत. माझ्या पिढीने ते पाहिले नाही. १९९० नंतरच्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. कारण सापडले ते २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. डायक्लोफिनॅक नावाचे दुखण्यावरचे औषध, जे माणसे घेतात आणि जे गाई-बैलांनाही देत असत, ते मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड बंद पडत असे. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या लहान कुपीतच विकावे असा नियम झाला. गाईला सोसले, माणसाला सोसले, गिधाडाला सोसले नाही. आणि गिधाडे गेली तेव्हा त्या मढ्यांवर कुत्री वाढली. असो.

हेच डायक्लोफिनॅक आणि त्याच्या जातीचे आयबुप्रोफेन कुत्र्यालाही सोसत नाही. पोटात व्रण पडतात, उलटीत रक्त येते, शेण डांबरासारखे काळे होते, मात्रा मोठी असेल तर मूत्रपिंड जाते. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत ही औषधे आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात, तेव्हा दोन विषांचा हिशोब करावा लागतो. नुसत्या पॅरासिटामॉलची कुत्र्याच्या बाबतीत धोक्याची रेषा किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला ५०० च्या तीन गोळ्या. त्याने यकृत बिघडते, रक्ताचा रंग तपकिरी होतो, हिरड्या निळसर-मातकट दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात. यावर ॲसिटिलसिस्टिन हा उतारा आहे. माणसांनाही तोच देतात, म्हणून तो माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळतो. मांजराची कथा याहून वाईट. पॅरासिटामॉलला बाहेर काढणारा शिक्का मांजरात फारच दुबळा असतो, त्यामुळे ५०० ची एकच गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्याला किंवा मांजराला ताप आला म्हणून भाकरीत अर्धी गोळी दडवून देणारी दयाळू माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या दयेविषयी शंका नाही, पण कुत्र्या-मांजराच्या तापाची गोळी ढोरांच्या डॉक्टरनेच द्यावी.

लोहाच्या गोळीकडे तर कोणी औषध म्हणून पाहतच नाही. शाळेत आम्ही त्या निळ्या गोळ्या खाल्ल्या आहेत, काहींनी खिडकीबाहेर फेकल्याही आहेत! एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. पंधरा किलोच्या कुत्र्याला पाच-सहा गोळ्यांनी उलट्या-हगवण लागते आणि पंधरा गोळ्यांपासून जिवावर बेतते. हिचे कपट असे की उलट्या थांबतात, कुत्रे बरे झाल्यासारखे दिसते, घरचे निर्धास्त होतात, आणि दिवसभरानंतर ते एकदम कोसळते. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची गोड पूड आठवड्याला एक घ्यायची असते. तसे एकच पाकीट पंधरा किलोच्या कुत्र्याला आजारी पाडू शकते. त्याची तहान आणि लघवी वाढलेली दिसते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर लोक गोळीची आठवण विसरलेले असतात. रक्तदाबाच्या गोळीने कुत्रे गळून जाते. साखरेच्या काही गोळ्यांनी रक्तातली साखर उतरून ते डुलक्या देते, लटपटते, झटके देते. तेथे शुद्धीत असलेल्या कुत्र्याच्या हिरड्यांना साखरेचे घट्ट पाणी चोळणे हा वाटेतला आधार आहे, दवाखान्याला पर्याय नव्हे.

तेव्हा कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या असे दिसले की करायचे काय? लक्षणांची वाट पाहायची नाही, हे पहिले. "पाहू थोडा वेळ, काही होते का" या थोड्या वेळातच सारे असते. गोळी पोटात आहे तोवर, म्हणजे साधारण पहिल्या तास-दोन तासांत, डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवून ती बाहेर काढू शकतात. त्यानंतर ती आतड्यात उतरते. कुत्र्याला बाजूला घ्यावे, दुसरे कुत्रे किंवा लहान पोर तेथे असेल तर त्यांनी काही उचलले का तेही पाहावे. सांडलेल्या गोळ्या मोजाव्यात, पाकिटाचे तुकडे, उलटी झाली असेल तर तीसुद्धा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावी. पाकिटावरचे नाव वाचता येत नसेल तर मोबाईलने त्याचे चित्र काढून डॉक्टरला पाठवावे. वेळ लिहून ठेवावी. वजन ठाऊक नसेल आणि कुत्रे शांत असेल, तर त्याला उचलून धान्याच्या काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. किती खाल्ल्या हे नक्की कळत नसेल तर जास्तीत जास्त जितक्या असू शकतील तितक्या धराव्यात.

आता न करण्याच्या गोष्टी, कारण आपल्याकडे त्याच आधी होतात. कुत्र्याने विष खाल्ले म्हटले की एक जण मिठाचे पाणी आणतो, दुसरा ताक, तिसरा तूप, चौथा साबणाचे पाणी. मिठाच्या पाण्याने उलटी होईलच असे नाही, आणि झाली नाही तर ते मीठ रक्तात जाऊन मेंदूला इजा करते. म्हणजे एका विषावर दुसरे. तूप-तेलाने काही औषधे उलट लवकर रक्तात शिरतात. दूध-ताकाने गोळीचे विष मरत नाही, वेळ मात्र जातो. कुत्रे गुंगीत असेल किंवा झटके देत असेल, तर तोंडात ओतलेला प्रत्येक घोट फुप्फुसात जाण्याची भीती असते, मग ते गोळीतून वाचले तरी फुप्फुसाच्या दाहाने मरते. घशात बोटे घालू नयेत. जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साईड पाजून उलटी करवता येते असे कोठे वाचण्यात येईल. पण दुकानात ते वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते आणि तीव्र असेल तर अन्ननलिका भाजते. आयसोनियाझिडसारखे औषध असेल तर उलटी होता होताच झटका येऊ शकतो. उलटी करवायची की नाही, हा निर्णय डॉक्टरचा आहे, फोनवरून का होईना.

झटके सुरूच झाले असतील तर दगड, चूल, विहिरीचा काठ यांपासून कुत्र्याला दूर सरकवावे, खाली पोते टाकावे, गर्दी आणि आवाज बंद करावा, शक्य तर अंधार करावा. दातखिळी उघडायला चमचा किंवा बोट घालू नये. झटका येत असलेल्या कुत्र्याला मालक ओळखू येत नाही. नेताना त्याला गोणपाटात गुंडाळून, तोंड मोकळे ठेवून, कुशीवर निजवून न्यावे. मोटारसायकलवर दोघे बसून मध्ये पोते धरता येते. आमच्या दादाने तसेच नेले. या धांदलीत कोणाला दात लागला, ओरखडा आला, तर "आपलेच कुत्रे आहे" म्हणून सोडून देऊ नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीचे विचारावे.

दवाखान्यात काय करतात तेही ठाऊक असलेले बरे, म्हणजे माणूस उगाच घाई-गोंधळ करत नाही. वेळ असेल तर उलटी करवतात, मग औषधी कोळसा पाजतात. हा चुलीतला कोळसा नव्हे. त्याची पूड विशेष रीतीने केलेली असते आणि ती पुष्कळ औषधे स्वतःला चिकटवून घेते. लोहाला मात्र ती चिकटत नाही, म्हणून पुन्हा तोच प्रश्न येतो, गोळी कोणती? मग सलाईन, झटक्यांवरचे इंजेक्शन, आणि उतारा असेल तर उतारा. पुष्कळ गोळ्यांना उतारा नसतो. तेथे शरीराला तग धरायला लावणे एवढेच उरते आणि त्यात दोन-तीन दिवस जातात.

खेड्यातल्या माणसाला "कुत्र्यासाठी दवाखाना" हे शब्द अजून चैनीचे वाटतात. बैल आजारी पडला तर रात्री डॉक्टरला उठवणारा शेतकरी कुत्र्यासाठी जायला लाजतो, लोक हसतील म्हणून. आम्हालाही कोणी तरी विचारलेच, "कुत्र्यापायी पेट्रोल जाळलं काय बे?" दादाने उत्तर दिले नाही. पण पशुसंवर्धन खात्याचा जो दवाखाना गावोगाव "ढोरांचा दवाखाना" म्हणून ओळखला जातो, तो कुत्र्यांसाठीही असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी खात्याचे मोठे पशुवैद्यकीय चिकित्सालय असते. अकोल्यास तर नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. आमच्या भागातून अवघड दुखणे घेऊन जाण्यासारखी ती जागा आहे.

वाहन नसेल तर १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा विनामूल्य क्रमांक आहे. तो लागला की आधी गाव आणि तालुका सांगावा, मग जनावर कोणते, वजन किती, पाकिटावरचे औषधाचे नाव आणि त्याखाली लिहिलेले मिलिग्रॅम, किती गोळ्या गेल्या, किती वाजता गेल्या आणि आता कुत्रे शुद्धीत आहे की नाही. नाव इंग्रजीत असेल तर एकेक अक्षर सांगावे, अंदाजाने वाचू नये, कारण दोन औषधांच्या नावांत कधी कधी एकाच अक्षराचा फरक असतो. आणि फोन ठेवण्याआधी विचारून घ्यावे की गाडी येईपर्यंत थांबायचे, की आपणच निघून वाटेत गाठ घ्यायची.